अठरा रविवार आणि पुढचं पुस्तक

पिंपळनेरचं नाव पंचक्रोशीबाहेर पोचलं ते खंडोजी महाराजांच्या नामसप्ताहामुळे. पांझरेच्या काठचं, साक्री तालुक्यातलं हे गाव धुळ्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर. पलीकडे गुजरातची हद्द, आसपास कोकणा आणि भिल्लांचे पाडे, बाजारात अहिराणी. सप्ताह कुठल्याही गावचा असो, कीर्तनकार एका मुद्द्यावर येतोच येतो : देहाचा भरवसा नाही, नाम घ्यायचं तर आत्ता घ्या. हाच मुद्दा अलीकडे मोबाइलवरूनही घरात येतो. तिथे नामाऐवजी श्वास असतो आणि खाली पुस्तक मागवायची सोय असते. त्यामुळे एकाच घरात आजोबांचा हरिपाठ, सुनेची गीता आणि नातवाने मागवलेलं एखार्ट टॉलेचं पुस्तक अशी तीन पिढ्यांची तीन पुस्तकं एका फळीवर दिसतात. तिन्ही आपापल्या परीने सांगतात की मन इथे आणा.

या भागातल्या एका निवृत्त शिक्षकांची फळी अशीच भरलेली. त्यांचं गाऱ्हाणं त्यांच्याच शब्दांत : ‘‘इतला पुस्तके वाचात, पन मन काही ठिकाने ऱ्हास नही.’’ आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘‘आता कोणतं घेऊ?’’

गाऱ्हाण्याचं मूळ या पुढच्या प्रश्नातच आहे, असं मला वाटतं. वर्तमानात जगायला शिकवणारं पुस्तक हातात असताना डोळा पुढच्या पुस्तकावर असेल, तर ते पुस्तकच वर्तमानातून निसटायची वाट होऊन बसतं. म्हणून कोणतं पुस्तक निवडावं हे सांगताना ते कसं वाचायचं हेही सांगावं लागतं. आणि त्यासाठी लांब जावं लागत नाही. खानदेशातच त्याचा एक वस्तुपाठ घडून गेला आहे.

तुरुंगातलं वेळापत्रक

१९३२ साल. सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या पर्वात शिक्षा झालेले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. त्यांत विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, साने गुरुजी होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर प्रवचन केलं. पुढच्या रविवारी दुसऱ्या अध्यायावर. असं करत १९ जूनच्या रविवारी अठरावा अध्याय संपला. कॅलेंडर मांडून पाहिलं तर मध्ये एकही रविवार चुकलेला नाही. अठरा अध्याय, अठरा रविवार. समोर बसलेले सगळे पंडित नव्हते. कार्यकर्ते होते, साधी माणसं होती. बोलणं मराठीत, दृष्टान्त घरातले आणि शेतातले. साने गुरुजी ते बोलणं जवळजवळ शब्दन्‌शब्द टिपून घेत होते. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून आपण जे वाचतो, ते हेच टिपण.

गीतेचं मराठी रूप विनोबांनी आधीच सिद्ध केलं होतं. संस्कृत न कळणाऱ्या आईची इच्छा मनात ठेवून ७ ऑक्टोबर १९३० ला त्यांनी ‘गीताई’ लिहायला घेतली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पुरी केली. तिची पहिली आवृत्ती १९३२ मध्ये निघाली तेव्हा ते धुळ्यात गजाआड होते. नंतर भूदानाच्या पदयात्रेत गावोगावी ‘गीता प्रवचने’च्या प्रती विकल्या जात आणि विनोबा त्यांवर सही करून देत. पुस्तक अनेक भारतीय भाषांत गेलं. त्याची पाळंमुळं मात्र धुळ्याच्या तुरुंगातली आहेत, हे धुळ्यातल्याही अनेकांना ठाऊक नसतं.

आपल्या विषयाशी सर्वांत थेट भिडतो तो आठवा अध्याय. त्याचा रविवार होता १० एप्रिलचा. गीता तिथे म्हणते की मरताना मनात जे असतं, त्याप्रमाणे पुढची गती होते. ऐकणाऱ्याला वाटावं, मग शेवटी काय ते बघू! विनोबा हे उलटं फिरवतात. शेवटच्या क्षणी नेमकं तेच वर येईल, जे रोज घोळवलं असेल. तेव्हा शेवटच्या क्षणाची तयारी करायची वेळ म्हणजे हाच क्षण. जोडीला ते एकनाथांची एक गोष्ट सांगतात. एका गृहस्थाने नाथांना विचारलं, तुमचं जीवन इतकं निर्मळ कसं? नाथ म्हणाले, ते राहू दे, तू सात दिवसांत मरणार आहेस. गृहस्थ घरी गेला, निरवानिरव केली, अंथरूण धरलं. सातव्या दिवशी नाथ भेटायला आले आणि त्यांनी विचारलं, या आठवड्यात पाप किती झालं? तो म्हणाला, मरण डोळ्यांसमोर उभं असताना पापाचा विचार करायला सवड कुणाला होती? नाथ म्हणाले, आमचंही असंच आहे.

तुरुंगात ही गोष्ट सांगण्याला वेगळं वजन आहे. कैद्याचं मन दोनच ठिकाणी धावतं : मागे घराकडे नाहीतर पुढे सुटकेच्या तारखेकडे. विनोबा त्या माणसांना आजचा दिवस परत देत होते. म्हणून ‘गीता प्रवचने’ वाचताना उपदेशाचा कंटाळा येत नाही. सांगणारा आणि ऐकणारे एकाच कुलुपाआड होते.

टिपून घेणाऱ्याकडेही बघण्यासारखं आहे. अठरा आठवडे दुसऱ्याचं बोलणं इमानाने उतरवणाऱ्या साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. ऐकण्याच्या सवयीतून लिहिणं उजळलं, असं सिद्ध करता येणार नाही. मात्र एवढं दिसतं की त्यांनी गीता आठवड्याला एक अध्याय या गतीने घेतली, आणि लक्ष इतकं देऊन की शब्द निसटू नयेत.

चौदाशे वर्षं आणि पासष्ट ओव्या

खानदेशाचं दुसरं पुस्तक याहून फार जुनं आणि फार लहान आहे. जळगाव जिल्ह्यात, मुक्ताईनगर तालुक्यात, तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. योगी चांगदेवांचं देऊळ तिथेच. आख्यायिका अशी की योगबळाने काळाला चुकवत चांगदेव चौदाशे वर्षं जगले. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आल्यावर पत्र लिहायला बसले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हे सुचेना. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या की इतकी वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला. निवृत्तिनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. ते उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुस्तक उरतंच. पासष्ट ओव्या, अर्धा तासही लागत नाही. विषय हा की पाहणारा, दिसणारं आणि पाहणं हे तीन तुकडे मुळात एकच आहेत; ज्याला शोधायला निघालास तो तूच आहेस. आयुष्य लांबवण्याचं कसब साधलेल्या माणसाला दिलेलं उत्तर इतकं आखूड असावं, यात मला ज्ञानदेवांची मिश्किली दिसते. जास्त वेळ मिळाला की मन थाऱ्यावर येईल, निवृत्तीनंतर सवडीने वाचू, असं म्हणणाऱ्यांनी हेच पुस्तक आधी घ्यावं. ओव्या सोप्या नाहीत, अर्थासह छापलेली प्रत लागते. पण जाड ग्रंथ अर्ध्यावर राहण्यापेक्षा पासष्ट ओव्यांशी महिनाभर झगडणं परवडतं.

इथे बहिणाबाई चौधरींचं नाव घ्यायलाच हवं. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये, मुलगा सोपानदेव यांच्या खटपटीने आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आल्या. मन हाकलावं तितकं पुन्हा पिकात शिरणाऱ्या गुरासारखं असतं, हे त्यांनी शेतात काम करता करता ओळखलं. मनाच्या भटकण्यावर पुस्तकांच्या ढिगातून जे शोधायचं, ते या बाईला एकही पुस्तक न वाचता दिसलं होतं. पुस्तक निवडणाऱ्याने एवढी नम्रता ठेवलेली बरी.

बाहेरून आलेली पुस्तकं

आता नातवाच्या पुस्तकाकडे वळू. एखार्ट टॉले यांचं ‘द पॉवर ऑफ नाऊ’ १९९७ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला निघालं, आणि पहिली आवृत्ती होती अवघी तीन हजार प्रतींची. काही वर्षांनी ओप्रा विन्फ्रे यांनी शिफारस केली आणि ते जगभर गेलं. पुस्तकाची रचना प्रश्नोत्तरांची आहे, कारण ते लहान लहान गटांशी झालेल्या बोलण्यातून उभं राहिलं. डोक्यात सतत चालणारी बडबड म्हणजे मी नव्हे, हे त्याचं मध्यवर्ती सांगणं. वेदान्ताचा गंध असलेल्या मराठी वाचकाला ते ओळखीचं वाटतं. अडचण असलीच तर वेगळी आहे. या पुस्तकातल्या माणसाला म्हातारे आईबाप, सोसायटीचं कर्ज, भावकीचा बांध असं काही फारसं नसतं. तो बहुतेक वेळ आपल्या मनाबरोबर एकटा असतो.

व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान्ह यांच्या ‘द मिरॅकल ऑफ माइंडफुलनेस’ची जातकुळी निराळी. १९७४ मध्ये ते फ्रान्समध्ये परागंदा होते आणि मायदेशी युद्ध पेटलेलं होतं. तिथे खेड्यांत सेवाकार्य करणाऱ्या तरुणांच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याला त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी त्याचंच पुस्तक झालं. भांडी घासताना भांडीच घासावीत, चहाकडे लक्ष लावून ती उरकू नयेत, असा त्यातला धडा प्रसिद्ध आहे. तो वाचताना ध्यानात ठेवायचं ते हे की ज्यांना उद्देशून हे लिहिलं, त्यांचे सोबती मारले जात होते. धुळ्याचा तुरुंग आणि व्हिएतनाममधली ती खेडी यांत मला नातं दिसतं. दोन्हीकडे सांगणाऱ्याच्या समोर काम करणारी, संकटातली माणसं होती. अशा पुस्तकांना बोलण्याची चैन परवडत नाही.

उलटा प्रवासही झाला आहे. मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज पोटमाळ्यावर बसून भेटायला येणाऱ्यांशी मराठीत बोलत. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रिडमन यांनी ते बोलणं इंग्रजीत आणलं आणि १९७३ मध्ये मुंबईच्याच चेतना प्रकाशनाने ‘आय अ‍ॅम दॅट’ काढलं. आज युरोप-अमेरिकेतले साधक त्याची पारायणं करतात. मराठीत हे संवाद ‘सुखसंवाद’ नावाने आहेत. मुंबईच्या गल्लीतलं मराठी बोलणं इंग्रजी पुस्तकातून वाचण्याची वेळ खानदेशातल्या वाचकावर यावी, हे काही बरं नाही. अर्थात सुरुवात करणाऱ्याने हे पुस्तक घेऊ नये. महाराज एका वाक्यात पायाखालची जमीन काढून घेतात आणि धरायला काहीच ठेवत नाहीत.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला तर वाचनाचाच प्रश्न निकालात काढला आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं विपश्यना केंद्र तिथे १९७६ पासून आहे. दहा दिवसांच्या शिबिराला जाताना फोन जमा करायचा, पुस्तकं आणि वही-पेनसुद्धा जमा करायची. मौन पाळायचं, आधी श्वास आणि मग शरीरावरच्या संवेदना पाहायच्या. शुल्क नाही, दानावर चालतं. वर्तमानाचा अभ्यास शिकवणारी एक मोठी जागा दारातच पुस्तक काढून घेते, ही गोष्ट पुस्तकवेड्यांनी मनावर घ्यावी.

आणि विज्ञान? २०१० च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा अभ्यास आला. २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं गेलं : आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकत असताना माणसं एकूणात कमी सुखी होती. त्यांतले बहुतेक अमेरिकन आयफोनवाले होते, तेव्हा हा आकडा पिंपळनेरच्या मजुराला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण निम्मा वेळ मन घरी नसतं, हे वाचून साक्रीतही कुणी दचकणार नाही.

कांदाचाळीतला उद्या

या सगळ्या पुस्तकांना पिंपळनेरचा शेतकरी एक रोखठोक प्रश्न विचारू शकतो. उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमाराला निघतो. तो चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत थांबायचं. गरम-दमट हवेने कांदा सडतो, पुढे मोड फुटतात, वजन घटतं. आज विकावा तर भाव पडलेला, थांबावं तर माल घटतो. त्यात ८ डिसेंबर २०२३ सारखा दिवस उगवतो आणि दिल्लीहून आलेली निर्यातबंदी लागू होते. ती उठते थेट पुढच्या मे महिन्यात. ज्याचं घर उद्याच्या भावावर उभं आहे, त्याला उद्याचा विचार करू नको असं सांगणारं पुस्तक काय कामाचं?

प्रश्न रास्त आहे, आणि निवडीची खरी कसोटी हीच आहे. वर्तमानाच्या नावाखाली निष्काळजीपणा शिकवणारं पुस्तक बाजूला ठेवावं. गीतेतला फलत्याग म्हणजे आडाखे न बांधणं नव्हे. विनोबांच्या मांडणीत फळाची ओढ सोडलेला माणूस उलट अधिक नीट काम करतो, कारण फळाकडे लागलेलं लक्ष त्याने कामात ओतलेलं असतं. समर्थांचा ‘दासबोध’ तर या बाबतीत सरळ हिशेबी आहे. वीस दशक, दोनशे समास, ७,७५१ ओव्या. त्यात परमार्थाइतकाच प्रपंचातला सावधपणा, यत्न आणि आळसाचा समाचार आहे. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गोळा करण्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य घातलं, आणि त्या ठेव्याचं घर, समर्थ वाग्देवता मंदिर, धुळ्यातच आहे. चाळीतला कांदा आज उलटून पाहणं, सडका बाजूला काढणं, बाजार समितीतला भाव विचारणं, हे सगळं वर्तमानात जगणंच आहे. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या तोच भाव विसाव्यांदा मोजणं तेवढं त्यात बसत नाही. चांगलं पुस्तक या दोहोंतला फरक दाखवतं.

आणि पुस्तकाची हद्द जिथे संपते ती जागाही ओळखावी. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसंच वाटत नाही, अशा माणसाच्या हाती वर्तमानावरचं पुस्तक देणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम लादणं. त्याला सोबत देऊन डॉक्टरकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

दुकानात उभं असताना

तर पुस्तक घ्यायचं कसं? मुखपृष्ठ आणि पाठीमागची स्तुती सोडून मधलं कुठलंही पान उघडावं आणि हलक्या आवाजात वाचून पाहावं. जीभ अडखळत असेल, वाक्य दोनदा वाचूनही कोण काय करतंय ते कळत नसेल, तर अनुवाद कच्चा आहे. मूळ पुस्तक कितीही थोर असो. मग हे पुस्तक कुणाला सांगितलं गेलं ते बघावं : कैद्यांना, कार्यकर्त्यांना, शिष्यांना की नुसत्या गिऱ्हाइकांना? एकवीस दिवसांत शांती आणि वर पैशाचीही हमी असेल तर तो माल वेगळा. पानात आज करण्यासारखं काही आहे का, हेही पाहावं. आणि शेवटी, हे पुस्तक मला माणसांजवळ नेईल की त्यांच्यापासून सुटायला सबब देईल?

आपला पिंडही ओळखावा. भक्तीकडे ओढा असेल तर ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय पुरे. गीतेतले अवघे वीस श्लोक, पण ज्ञानदेवांनी ते मायेने खुलवले आहेत. देवाचं नाव न घेता अभ्यास हवा असेल तर थिच न्हात हान्ह, किंवा पुस्तक न घेता थेट इगतपुरी. तर्काची खाज असेल तर पासष्टी. कुठून सुरू करावं हेच कळत नसेल तर ‘गीता प्रवचने’. पवनारच्या परंधाम प्रकाशनाची प्रत खिशाला जड जात नाही आणि भाषा सातवीतल्या मुलालाही कळते.

त्या निवृत्त शिक्षकांना मी सुचवलं ते इतकंच की नवीन काही घेऊ नका. फळीवर ‘गीता प्रवचने’ आहेच. भाऊबीजेनंतरच्या रविवारी पहिला अध्याय घरात मोठ्याने वाचा. ऐकायला सून, नातू, शेजारी, जो बसेल तो. बाकीचे सहा दिवस पुस्तक मिटलेलं. त्या अध्यायातली एखादी गोष्ट शेतात, शाळेत, स्वयंपाकघरात करून बघायची. पुढच्या रविवारी दुसरा. या गतीने चाललं तर उन्हाळ कांदा काढायला यायच्या आत अठरावा अध्याय होतो. पाने उलटण्याचा वेग तुरुंगातल्याइतकाच.

त्यांनी विचारलं, ‘‘आणि अठरावा झाल्यावर?’’ मग खुशाल दुकानात जावं. पण जाण्याआधी घरातल्या माणसांना विचारावं की या अठरा आठवड्यांत माझ्यात काही फरक पडला का. आवाज चढणं कमी झालं का, जेवताना मी ताटावर असतो का, तुम्ही बोलता ते ऐकतो का? ते हो म्हणाले तर दुसऱ्या पुस्तकाची घाई उरत नाही. नाही म्हणाले तर पहिलंच अजून वाचायचं राहिलं आहे.